आधी टॉवर चालू राहू द्या
नेट न्यूट्रॅलिटीमुळे, म्हणजे कंपनीने इंटरनेटवरच्या सगळ्या डेटाला सारखंच वागवायचं या तत्त्वामुळे, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाला वेगळी सवलत देता येत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१६ च्या नियमातच आणीबाणीच्या सेवांसाठी कमी दराची मुभा ठेवली आहे. उलट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात वणवा पेटला होता, तेव्हा सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाचं इंटरनेट डेटाची मर्यादा ओलांडली म्हणून कंपनीने पार मंद केलं. महागडा प्लॅन घेतला तेव्हा कुठे वेग परत आला. पैशावर वेग ठरला की असं होतं.

पण आमच्या मेळघाटात गाडी त्याच्याही आधीच अडते. मागच्या पावसाळ्यात रात्री वहिनीला कळा सुरू झाल्या. लाईन संध्याकाळीच गेलेली, टॉवरची बॅटरी उतरलेली, १०८ लागेचना. भाऊ भर पावसात मोटरसायकल काढून टेकडीवरच्या मोहाच्या झाडापाशी गेला, तिथे दुसऱ्या टॉवरची थोडी रेंज येते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोलला. गाडी पोचेपर्यंत आशाताई वहिनीजवळ बसून होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. टॉवरखालचा डिझेल जनरेटर मात्र तेव्हाही बंद होता, आजही बंदच आहे.