मदत हवी आहे : शाळेतील निवडणुकीतून नागरिकशास्त्र शिकवताना येणारे काही प्रश्न

नमस्कार. कोल्हापूर शहरालगत, करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. शालेय मंत्रिमंडळ शिक्षकांनी नेमण्याऐवजी यंदा मुलांनी मतदान करून निवडावे, हा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी मान्य केला असून त्याची आखणी माझ्याकडे आहे. मतदानाच्या दिवसाची मला फारशी काळजी नाही, कारण केंद्रावर काम केलेले अनेक शिक्षक आमच्याकडे आहेत आणि मतदार यादीपासून बोटावरच्या शाईपर्यंत सारे त्यांना पाठ आहे. मार्गदर्शन हवे आहे ते त्या दिवसाच्या आधी आणि नंतर काय करावे याबद्दल.

आमच्या मुलांना निवडणूक नवीन नाही. ग्रामपंचायत, विकास सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना यांपैकी कशाची तरी निवडणूक प्रत्येकाच्या घरात पोहोचलेली असते. पॅनेल, छाननी, माघार, चिन्हवाटप हे शब्द दहावीतील ‘निवडणूक प्रक्रिया’ या पाठाच्या कितीतरी आधी त्यांच्या तोंडी असतात. त्यामुळे त्यांचे प्रश्नही पुस्तकाबाहेरचे असतात. नववीतील एका मुलीने विचारले, “मॅडम, दूध संघाला आमच्या संस्थेचा ज्याच्या नावानं ठराव झालाय, तो एकटाच मत देतोय. मग ग्रामपंचायतीला आमची आजी पण कशी मत देती? तिच्या नावावर तर एक म्हैस पण न्हाई.” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. संघाच्या सभासद गावोगावच्या संस्था असतात, म्हणून तेथे संस्थेचा प्रतिनिधी मत देतो. ग्रामपंचायतीत मात्र मत नागरिकाचे असते आणि त्यासाठी जमीन, जनावर, शिक्षण यांपैकी कशाचीही अट नसते, हे फळ्यावर दोन आकृत्या काढून सांगितले. ब्रिटिश अमदानीत मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींमुळे थोड्याच लोकांना मत होते, संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने लोकसभा आणि विधानसभांसाठी त्या अटी काढून टाकल्या आणि १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, हा क्रम आजीच्या उदाहरणामुळे वर्गाच्या लगेच लक्षात आला. सहकारातील निवडणूक आणि नागरिकांची निवडणूक यांची अशी तुलना आपल्यापैकी कोणी नियमितपणे शिकवत असल्यास ती कोणत्या इयत्तेपासून सुरू करावी, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न गुप्त मतदानाचा आहे. “आमच्या घरातली मतं आबा सांगतील तिकडंच जात्यात,” असे एका मुलाने वर्गात अगदी सहज सांगितले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मत हे ज्याचे त्याचे असते, ते कोणालाही सांगण्याचे बंधन नाही, हे मला ठामपणे शिकवायचे आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप होतो आहे असे त्या मुलाला वाटता कामा नये. शाळेच्या निवडणुकीसाठी मोबाईलवरील मतदान यंत्राचे अ‍ॅप वापरावे, असे काही सहकारी सुचवतात. माझा कल छापील मतपत्रिका आणि शिक्का यांच्याकडे आहे. हाताने नाव लिहिले तर अक्षरावरून मत ओळखू येते, आणि अ‍ॅपमध्ये बाद मत म्हणजे काय, मोजणी प्रतिनिधींसमोर का करायची, हे मुलांना दिसतच नाही.

आरक्षणाबाबत मी अधिक सावध आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे मंत्रिमंडळातील निम्म्या जागा मुलींसाठी ठेवून त्या सोडतीने ठरवण्यात काही अडचण दिसत नाही. जातीनिहाय आरक्षणाची नक्कल मात्र मी वर्गात करणार नाही. कोणाचा प्रवर्ग कोणता याची चर्चा मुलांमध्ये सुरू व्हावी, हे मला मान्य नाही. तरीही हा विषय टाळणे, तेही राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, मला पटत नाही. १९०२ मध्ये महाराजांनी संस्थानातील ५० टक्के नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या आदेशामागील कारणांपासून सुरुवात करून आजच्या तरतुदींपर्यंत यावे, असा माझा विचार आहे. हा पाठ आपण कोणालाही अवघडल्यासारखे न वाटता घेतला असेल, तर त्याची मांडणी मला हवी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न निकालानंतरचा आहे. निवडून आलेल्या मुलांना शपथ द्यायची, बिल्ले लावायचे आणि नंतर वर्षभर फक्त प्रार्थनेच्या रांगा लावायला सांगायचे, असे झाले तर मत देऊन काही बदलत नाही हेच मुले शिकतील. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले, ही आमच्याच जिल्ह्यातील गोष्ट मी दरवर्षी सांगते. एका गावाच्या ठरावाला एवढे वजन असू शकते, तर मुलांच्या सभेच्या ठरावाला शाळेत काही स्थान हवेच. वाचनालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, क्रीडासाहित्य कोणत्या वर्गाला कधी मिळावे, सहलीचे ठिकाण कोणते असावे, एवढे निर्णय तरी ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेत मंत्रिमंडळाकडे सोपवावेत आणि दरमहा सर्व मुलांसमोर त्याचा हिशेब मांडला जावा, असे मला वाटते. काही सहकाऱ्यांना यामुळे शिस्त बिघडेल अशी भीती आहे आणि ती भीती मी बाजूला सारू इच्छित नाही.

म्हणून विचारते : आपल्या शाळेत मुलांच्या मंत्रिमंडळाला असे खरे अधिकार दिले आहेत का? दिले असल्यास कोणते, त्यांची लेखी नियमावली केली होती का, आणि मंत्रिमंडळाचा एखादा निर्णय मुख्याध्यापकांना अमान्य झाला तेव्हा मुलांना काय उत्तर दिले गेले? चालू पक्षांची आणि उमेदवारांची नावे वर्गात घ्यायची नाहीत, हा नियम आम्ही आधीच ठरवलेला आहे, तेव्हा त्याबद्दल सूचना नको. नियमावलीचा मसुदा पुढच्या शिक्षकसभेत ठेवायचा आहे. आपल्याकडील नमुना मिळाला तर त्या सभेत सहकाऱ्यांच्या शंकांना प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे उत्तर देता येईल.