अमळनेर सोडून गुहागरला राहायला जावं का? तिकडच्यांचा सल्ला हवाय

मंडळी, नमस्कार. आम्ही खान्देशातल्या अमळनेरचे. (विप्रो कंपनी इथेच सुरू झाली, पण तिचे शेअर आमच्या घरात नाहीत, हे आधीच सांगून टाकते. अमळनेर म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न तोच असतो.) माझे मिस्टर शाळेत लिपिक आहेत, येत्या मेअखेर निवृत्त होतात. मुलगा-सून पुण्यात, घरात आम्ही दोघंच. निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहायचं असं मिस्टरांनी डोक्यात घेतलंय, आणि गावही ठरवून टाकलंय: गुहागर. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीनदा जाऊन आलो, व्याडेश्वराच्या देवळामागून थेट वाळूत उतरता येतं हे त्यांना फार आवडलं.

जायचं कारण विचाराल तर उन्हाळा. ४४-४५ अंश आम्हाला नवे नाहीत, पण मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून एप्रिल-मे म्हणजे घरात कोंडून घेणं. सकाळी दहानंतर बाहेर पडायचं नाही, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही, रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या. शिवाय नळाला पाणी दिवसाआड येतं का चार दिवसांनी, यावर घराचं वेळापत्रक. तापी हाकेच्या अंतरावर, आणि पाडळसे धरण होणार हे मुलगा लहान होता तेव्हापासून ऐकतोय.

दुसरं कारण मुलाचं. पुण्याहून आमच्याकडे यायचं तर त्याचा अख्खा दिवस जातो. गुहागरला सकाळी निघून दुपारी जेवायला पोचेन म्हणतो. नातू झाला तर हे महत्त्वाचं, असं मिस्टर म्हणतात. (अजून झालेला नाही, पण त्यांचं नियोजन लांबचं असतं.)

साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, ते इथे प्रताप हायस्कुलात शिकवायला आले, आपण उलट तिकडे जाऊ, फिट्टमफाट, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. मी म्हटलं, गुरुजींना संसार मांडायचा नव्हता.

माझ्या शंका संसाराच्याच आहेत. सुट्टीत हॉटेलात राहून त्या कळत नाहीत, म्हणून विचारते.

मी वर्षाचे गहू आणि दादर (आमच्याकडची ज्वारी) भरते. उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे, कुरडया, ज्वारीचे पापड. बिबडा इथे डब्यातून काढला की कटकन मोडतो, वर्षभर. आमच्याकडे पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तिकडे तीन हजारांच्या वर. त्या हवेत यातलं काय टिकतं? की हे सगळं सोडूनच द्यायचं?

दवाखान्याचं सांगते. अमळनेरातही सगळं मिळतं असं नाही. मिस्टरांना त्रास झाला तेव्हा धुळ्यालाच पळालो होतो, पस्तीस-एक किलोमीटर. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस. आकडे जवळपास सारखेच दिसतात, पण धुळ्याचा रस्ता सपाट, आणि तिथे पोचल्यावर आमची ओळखीची माणसं उभी होती. २०२१च्या जुलैत चिपळूण पुरात होतं, तेव्हा गुहागरचा पेशंट कुठे नेत होते?

तिसरं, जमीन. मिस्टरांच्या नावावर गावाकडे सातबारा आहे, त्यामुळे तिकडे शेतजमीनही घेता येईल. एक एजंट रोज फोटो पाठवतो: ‘सी-टच’, नारळ-सुपारीसह, अमुक गुंठे. अमळनेरचं घर विकून ती घ्यायची असा विचार आहे. मिस्टरांचा. माझा पाय इथेच अडतो.

आम्ही माळकरी, त्यामुळे मासळीची ओढ नाही. होमस्टे काढा असं कृपया सुचवू नका, आयुष्यभर पाहुण्यांचंच केलंय.

---

खालचा पाट:

ताई, मी गुहागरचाच. आधी धान्य. वर्षाचे गहू इकडे आणू नका, श्रावणापर्यंत पोरकिडे होतील. इकडे आगोट भरतात ती जून ते सप्टेंबरपुरती, तीही घट्ट झाकणाच्या डब्यांत. दळण थोडं थोडं करायचं. बिबडे मे महिन्यात वाळतील, पण जुलैत डबा उघडलात की पाच मिनिटांत मऊ. तळायच्या आधी तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घ्यायचे, हाच उपाय.

कूलर तिकडेच कोणाला तरी देऊन या. कूलर गार करतो तो पाणी उडतं म्हणून. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडतच नाही, नुसती ओल वाढते. मे महिन्यात पारा तुमच्यापेक्षा दहा अंश खाली असतो, पण दिवसभर घामाच्या धारा. हार्टच्या माणसाला कोरडे ४४ बरे की दमट ३४, हे डॉक्टरांना विचाराच. मला तुमच्या पहिल्या कारणाचीच शंका येते.

खारा वारा लोखंड खातो. ग्रिल, गेटच्या बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, गाडीचा खालचा पत्रा. आमच्या शेगडीचे पाय झडले म्हणून ती आता चिऱ्यांवर ठेवलीय. दरवर्षी मे महिन्यात घासून रंग काढायचा आणि पडवीला झापं बांधायची, कारण पाऊस आडवा येतो. जुलैत कपड्यांना बुरशी, चामड्याच्या चपलेला तर हमखास. लाइट गेली तर कधी कधी दुसऱ्या दिवशी येते.

पाण्याचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. एवढा पाऊस पडून जांभ्यातून सगळा समुद्राला मिळतो, आणि वर सड्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मेत टँकर लागतो. खाली विहिरी आहेत, पण घर बघायचं ते मे महिन्यात, विहिरीत डोकावून. दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

पुरात चिपळूणचा रस्ता बंद झाला की धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट हा मार्ग उरतो, तिथून दापोली. पण तशा हवामानात बोटही बंद असू शकते. एरवी गुहागरात ग्रामीण रुग्णालय आणि १०८ आहे, मोठ्या कामाला चिपळूण किंवा पुढे डेरवण.

---

सातबारा वाचणारा:

फक्त जमिनीवर बोलतो. शेतकरी असाल तर कूळकायद्याच्या कलम ६३ची अडचण नाही, बरोबर. पण कोकणातला सातबारा खान्देशासारखा नसतो. तुमच्याकडे एका गटाला एक-दोन नावं. इथे आठ गुंठ्यांना वीस-पंचवीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. त्यातल्या एकाने ‘माझा हिस्सा’ म्हणून विकला तर तुम्ही त्या भांडणात पैसे देऊन शिरता. वाटप झालंय का, इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, जुने फेरफार काय म्हणतात, हे स्थानिक वकिलाकडून बघून घ्या. एजंटच्या वकिलाकडून नको.

‘सी-टच’ शब्द दिसला की आधी सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा मागा. भरतीरेषेपासून ठरावीक पट्ट्यात नवीन बांधकामाला परवानगीच मिळत नाही. नारळ-सुपारी तुमची, पण घर बांधता येत नाही, असा तुकडा बाहेरगावच्या माणसाला दाखवायला सोपा जातो. बागेच्या उत्पन्नावरही भरवसा ठेवू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात.

---

भुसावळकर:

वहिनी, माझे काका-काकू निवृत्तीनंतर असेच कोकणात गेले होते, परत आले. पाऊस, ओल हे निभावलं. अडलं ते आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाला. कानबाईच्या रोटांना भाऊबंद लागतात, दोघांत काय करणार? शेजारी चांगले होते, पण संध्याकाळी सातला सगळी दारं बंद. काकूला ओट्यावर बसायची सवय. भरताची वांगी मिळेनात, भाजी घाटावरून येते म्हणून महाग, या तक्रारी मी मोजत नाही, त्या कुठेही गेलं तरी होतातच.

जाण्यायेण्याचं: भुसावळहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, तेव्हा कोणाच्या दहाव्याला वेळेत पोचणं विसरा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. खालचा पाट, तुमचं दमट हवेचं वाक्य मिस्टरांना वाचून दाखवलं. ते डॉक्टरांना विचारणार आहेत, पण ‘घाम आला तरी चालेल’ हे उत्तर आधीच तयार ठेवलंय.

कानबाईचं खरं आहे. आमच्या भाऊबंदकीत मान आमच्याकडे असतो, श्रावणात चार दिवस तरी अमळनेरला यावंच लागेल, म्हणजे ऐन पावसात प्रवास. हे मी मूळ प्रश्नात लिहायलाच हवं होतं.

काल रात्री बोलून एवढं ठरलं: अमळनेरचं घर विकायचं नाही. एजंटला नाही कळवलं. (त्याने लगेच दुसऱ्या प्लॉटचे फोटो पाठवले.) निवृत्तीनंतर जून ते सप्टेंबर गुहागरात भाड्याने राहून बघायचं, सगळ्यात वाईट महिने आधी. मिस्टरांना आधी ऑक्टोबर हवा होता. मी म्हटलं, ऑक्टोबर तर पाहुण्यांसाठी असतो. कोठी इथेच राहील, सोबत दोन डबे दादर नेईन.

तर आता नवा प्रश्न, खालचा पाट किंवा तिकडचं कोणीही: पावसाळ्यात पर्यटक नसताना चार महिन्यांसाठी घर भाड्याने देतात का? तळमजला हवा, इन्व्हर्टर हवा, आणि चिपळूणच्या रस्त्याला लवकर लागता येईल असं. डिपॉझिट किती मागतात? आणि घर बघायला आम्ही मे महिन्यातच येऊ, विहिरीत डोकावायला.