डाउनकास्टला 'रूपांतर' म्हणावं का?

नाशिकला डिप्लोमाच्या मुलांना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवते. एका वर्गावरून (क्लास) बेतलेल्या डिराइव्ह्ड क्लासला 'साधित वर्ग' म्हणते. सिद्ध आणि साधित शब्द मुलांनी व्याकरणात वाचलेले असतात. हिंदीतला 'व्युत्पन्न' नको, मराठीत व्युत्पन्न म्हणजे विद्वान. अडलंय ते डाउनकास्टपाशी, म्हणजे मूळ वर्गाच्या प्रकारावरून साधित वर्गाच्या प्रकारावर येण्यापाशी.

माझं उदाहरण असं: 'शेतमाल' हा मूळ वर्ग, त्यात वजन. 'द्राक्ष' साधित, त्यात शुगरची भर (बागेत रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब रस पिळून वाचतात, तीच). ऑब्जेक्ट (वर्गावरून बनवलेली वस्तू) द्राक्षाचा, पण शेतमाल प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला. शुगर मागितली की कंपायलर (प्रोग्राम चालण्याआधी कोड तपासणारा) अडवतो. मग द्राक्षात कास्ट करायचं. त्याला मी 'रूपांतर' म्हणत आले. परवा दिंडोरीकडच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, रूपांतर झाल्यावर शुगरचा आकडा येतो कुठून?" चूक त्याची नाही, शब्दाची आहे.

प्रतिसाद
ताई, मुलाने नेमकं बोट ठेवलंय. इंटचा (पूर्णांक) डबल (दशांश संख्या) करतो तेव्हा मेमरीतली मांडणीच बदलते, तिथे 'रूपांतर' चपखल. इथे ऑब्जेक्टला हातही लागत नाही. शुगर पहिल्यापासून आतच असते. कंपायलर व्हेरिएबलचा जाहीर प्रकार पाहतो, कारण त्याच जागी उद्या कांदा येऊ शकतो, आणि कांद्याला कुठली शुगर विचारणार? मी 'ओळख पटवणे' म्हणतो. पेटीवर नुसतं 'शेतमाल' लिहिलंय, आत द्राक्ष आहे हे तुम्ही सांगता. प्रोग्राम चालताना जावा ते तपासते. कांदा निघाला तर क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर. म्हणून 'आत द्राक्षच आहे का?' हे आधी इन्स्टन्सऑफने विचारून घ्यावं. सी-शार्प भाषेतलं 'ॲज' मात्र अशा वेळी एरर न देता नुसतं नल (म्हणजे 'काही नाही') देतं.

प्रतिसाद
दादा, तुमच्या 'ॲज'वरूनच सुचलं. त्याला मराठीत सरळ 'म्हणून' आहे की! आज वर्गात म्हटलं, "याच्याकडे द्राक्ष म्हणून बघ, मग शुगर विचार." तो मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे माल तोच, बघणं बदललं." 'ओळख पटवणे' अपकास्टला (साधिताकडून मूळ वर्गाकडे जाताना) लागू पडत नाही, द्राक्ष शेतमाल आहेच, तिथे पटवायचं काय? 'शेतमाल म्हणून बघणे' तिथेही चालतं. आणि द्राक्षाने मूळ वर्गाची एखादी मेथड (वर्गात लिहिलेली कृती) नव्याने लिहिली असेल, तर शेतमाल म्हणून बघत असतानाही द्राक्षाचीच चालते, हेही याच शब्दात सांगता आलं. फळ्यावरचं 'रूपांतर' पुसलं. ते आता इंट-डबलपुरतं.