विजेतेपदाविना यशस्वी? अनिर्बान लाहिरी यांच्या कारकिर्दीचे मोजमाप

रत्नदुर्ग_वाचक (रत्नागिरी) यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितात यंदा भारतीय खेळाडूंवर लेखमाला घ्यायची ठरली असून त्यातील गोल्फचा लेख माझ्या वाट्याला आला आहे. पुण्यात 1987 साली जन्मलेले अनिर्बान लाहिरी मी त्यासाठी निवडले. आपल्या किनाऱ्यावर क्रिकेट आणि कबड्डी घरोघरी कळते, पण गोल्फविषयी वाचकाला पहिल्यापासून सांगावे लागणार, आणि तेथेच माझी लेखणी अडली आहे. लाहिरी 2015-16 च्या मोसमापासून अमेरिकेच्या पीजीए टूरवर (टूर म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची वर्षभराची मालिका) खेळले, परंतु तेथे त्यांना एकही विजेतेपद मिळाले नाही. अर्जुन अटवाल यांनी मात्र 2010 साली विंडम चॅम्पियनशिप जिंकून त्या टूरवरचे पहिले भारतीय विजेतेपद मिळवले होते, आणि जीव मिल्खा सिंग यांच्या नावावर युरोपीय टूरची चार विजेतेपदे आहेत. असे असताना लाहिरी यांची गणना भारताच्या सर्वांत यशस्वी गोल्फपटूंत होते, ती कोणत्या निकषावर?

खारघरचा_गोल्फवेडा यांचे उत्तर:

सिडकोच्या खारघर येथील मैदानावर मी हौसेने खेळतो, त्यामुळे या खेळाचे गणित थोडेफार जवळून पाहिले आहे. कबड्डीच्या सामन्यात दोनपैकी एक संघ जिंकतो. गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत मात्र दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात, चार दिवसांत 72 होल (चेंडू घालायची भोके) खेळले जातात आणि ते सर्वांत कमी फटक्यांत पुरे करणारा एकच जिंकतो. म्हणजे जगातला अव्वल खेळाडूसुद्धा वर्षातले बहुतेक आठवडे हरतच असतो. त्यातही 36 होल झाल्यावर कट लागतो. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत पहिले 65 आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे जातात, बाकीचे रिकाम्या हाताने परततात. शिवाय पुढच्या मोसमात खेळण्याचा पूर्ण हक्क, ज्याला कार्ड म्हणतात, तो टिकवायचा तर मोसमाअखेर गुणतालिकेत वरचा क्रमांक लागतो. लाहिरी तेथे होते त्या काळात ही मर्यादा पहिल्या 125 ची होती.

आता त्यांचा प्रवास पाहा. 2007 मध्ये ते व्यावसायिक झाले आणि आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद 2011 साली दिल्लीच्या पॅनासोनिक ओपनमध्ये मिळाले. त्या टूरवर त्यांनी एकूण सात स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी 2015 मधील मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन या दोन युरोपीय टूरच्याही स्पर्धा होत्या, म्हणजे युरोपीय टूरचे विजेतेपद त्यांच्याही नावावर दोनदा लागलेले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ते संयुक्त पाचवे आले. मेजर म्हणजे गोल्फमधील सर्वांत प्रतिष्ठित अशा चार स्पर्धांपैकी कोणत्याही एकीत भारतीय पुरुषाची ही सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याआधी जीव मिल्खा सिंग 2008 साली याच स्पर्धेत संयुक्त नववे आले होते. माझ्या मते तुमच्या लेखाचा कणा 2015 हे वर्ष असावे.

देवगडचा_बागायतदार यांचे उत्तर:

वरील उत्तरात पैशाची बाजू राहून गेली आहे आणि तिच्याशिवाय ही कारकीर्द कळणे अवघड आहे. गोल्फपटूला पगार नसतो. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक आणि कॅडीचे (मैदानावर पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे) मानधन हा खर्च प्रत्येक आठवड्याला ठरलेला. मिळकत मात्र कट ओलांडला तरच. आम्हा आंबेवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण फवारणीचे पैसे आधी जातात आणि मोहोर टिकला की नाही ते नंतर कळते. बक्षिसाची वाटणीही फार उतरती असते. पीजीए टूरवर विजेत्याला साधारणपणे एकूण रकमेचे 18 टक्के मिळतात, तर पासष्टाव्या क्रमांकाला पाव टक्क्याहूनही कमी.

म्हणूनच मार्च 2022 ची प्लेयर्स चॅम्पियनशिप महत्त्वाची ठरते. पावसामुळे ती सोमवारपर्यंत लांबली आणि लाहिरी केवळ एका फटक्याने कॅमेरॉन स्मिथ यांच्या मागे दुसरे आले. एकूण बक्षीस दोन कोटी डॉलरचे होते, त्यांतले 21 लाख 80 हजार डॉलर लाहिरी यांना मिळाले. त्याच वर्षी ते नव्या लिव्ह गोल्फ मालिकेत गेले. तेथे तेव्हा 54 होल खेळवले जात, कट नसे आणि शेवटच्या खेळाडूलाही पैसे मिळत. या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, पण इतकी वर्षे दर आठवड्याला कटाची टांगती तलवार सोसलेल्या माणसाने तो का घेतला असेल, हे मला तरी सहज समजते.

सावंतवाडीचा_शिक्षक यांचे उत्तर:

दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी त्यांतला सूर मला पूर्णपणे मान्य नाही. सातत्य मोठे खरेच, पण शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना हात स्थिर ठेवणे ही वेगळी कसोटी आहे आणि तिची नोंद विजेतेपदातच होते. अटवाल यांचेच उदाहरण घ्या. खांद्याच्या दुखापतीनंतर त्यांचे कार्ड गेले होते; विंडममध्ये त्यांनी सोमवारच्या पात्रता फेरीतून प्रवेश मिळवला आणि स्पर्धाच जिंकली. पीजीए टूरवर असे याआधी 1986 साली घडले होते. त्यांना वगळून लाहिरी यांच्याविषयी लिहिणे योग्य होणार नाही.

तुलना करायचीच असेल तर स्पेनमधील वाल्देरामाचे मैदान घ्यावे. 2006 साली जीव मिल्खा सिंग यांनी तेथे मोसमाअखेरची व्होल्वो मास्टर्स एका फटक्याने जिंकली. 2024 मध्ये त्याच मैदानावर लिव्हच्या स्पर्धेत लाहिरी प्ले-ऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक खेळात) सर्जिओ गार्सिया यांच्याकडून हरले. दोघांच्या कारकिर्दींतला फरक मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

आणखी एक नाव सुचवतो, ते म्हणजे एसएसपी चौरसिया. त्यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखत. लाहिरी लष्करी डॉक्टरांचे चिरंजीव, त्यामुळे मैदान लहानपणीच हाताशी आले; चौरसियांना ते नोकरीच्या दारातून मिळाले. 2015 च्या इंडियन ओपनमध्ये याच चौरसियांना लाहिरी यांनी प्ले-ऑफमध्ये हरवले, आणि पुढे 2016 व 2017 अशी दोन्ही वर्षे ती स्पर्धा चौरसिया यांनी जिंकली. गोल्फ केवळ साहेबांचा खेळ आहे असे मानणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाने हे आवर्जून वाचावे असे मला वाटते.

रत्नदुर्ग_वाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौरसियांसाठी स्वतंत्र चौकट करीन. एकच शंका उरते: 2015 च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप वगळता उर्वरित जग अशा सांघिक स्पर्धेत) लाहिरी यांचा अखेरचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका, हुकला, तो प्रसंग लेखात घ्यावा की नाही? गौरवाच्या लेखात तो खटकेल असे आमच्या संपादक काकूंचे म्हणणे आहे.

खारघरचा_गोल्फवेडा:

अवश्य घ्यावा, मात्र अर्ध्यावर सोडू नये. कोरियातील त्या लढतीत अमेरिकेच्या ख्रिस कर्क यांनी अठराव्या होलवर लांबचा पट घातला आणि लाहिरी यांचा जेमतेम चार फुटांचा चेंडू कडेला लागून बाहेर आला. अमेरिकेने कप साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असा अवघ्या एका गुणाने जिंकल्यामुळे ती चूक सर्वांच्या नजरेत भरली. दोन वर्षांनी उर्वरित जगाच्या संघाचे कर्णधार निक प्राइस यांनी स्वतःच्या अधिकारातील निवड वापरून त्यांना पुन्हा संघात घेतले. त्या वेळी अमेरिका शनिवारीच कप खिशात घालणार अशी स्थिती असताना लाहिरी आणि किम सी-वू यांनी आपली लढत जिंकली, त्यामुळे निकाल रविवारवर गेला. काकूंना हे दोन्ही परिच्छेद एकत्र वाचून दाखवा, त्यांची हरकत बहुधा राहणार नाही.