प्रतिसाद: चारुदत्ताचं दुःख पैशाचं नव्हे

एका चर्चेत म्हटलंय की शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचं सार म्हणजे 'पैसा येतो आणि जातो'. मला हे अपुरं वाटतं. पहिल्याच अंकात नाटकाचा दरिद्री झालेला नायक चारुदत्त स्वच्छ सांगतो की धन नशिबाने येतं-जातं, त्याची चिंता नाही. जाळतं ते हे की आधार गेल्यावर मित्रसुद्धा सैल पडतात.

खरा घाव तिसऱ्या अंकात आहे. शर्विलक चोरी करायला चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला भगदाड पाडतो आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या गणिकेने, वसंतसेनेने, ठेवायला दिलेले दागिने नेतो. चारुदत्ताला पहिली भीती कसली वाटते? खरं कोण मानेल? 'शङ्कनीया हि लोकेऽस्मिन् निष्प्रतापा दरिद्रता': गरिबावर आधी संशय. म्हणून तो वसंतसेनेला निरोप पाठवतो की दागिने मी जुगारात हरलो, आणि बदल्यात बायकोची, धूतेची, रत्नमाळ देतो. चोरी झाली म्हणण्यापेक्षा जुगारी ठरणं त्याला परवडतं.

आता सहावा आणि नववा अंक लागोपाठ वाचा. मातीची गाडी नको म्हणून रडणाऱ्या चारुदत्ताच्या मुलाला, रोहसेनाला, सोन्याची गाडी घे म्हणून वसंतसेना अंगावरचे दागिने देते. पुढे राजाचा मेहुणा शकार चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आरोप करतो, आणि तेच दागिने परत करायला निघालेल्या चारुदत्ताच्या मित्राच्या, मैत्रेयाच्या, काखेतून ते भर न्यायसभेत, शकाराशी झटापट होताना, खाली पडतात. दागिने तिचेच, हे चारुदत्त नाकारत नाही. ते आपल्याकडे कसे आले, हे मात्र नीट सांगत नाही. मायेने दिलेली वस्तू खुनाचा पुरावा होते. प्रयोगात सहावा अंक कापला, तर नवव्यातली ही कलाटणी नुसता योगायोग वाटते.