अनुभव धागा : कचेरीतला फोन, इंटरनेटच्या आधी आणि नंतर

ज्यांनी व्यवसायात इंटरनेटपूर्वीचा फोन हाताळला आणि नंतरचाही, अशा मंडळींनी येथे आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. स्मरणरंजनाला हरकत नाही. मात्र नेमके काय बदलले, पैसा कुठे वाचला आणि कुठे नव्याने जाऊ लागला, तेही यावे. कंपन्यांची नावे टाळावीत.

निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, नाशिक

सातपूरच्या एका कारखान्यात मी १९७९ पासून बोर्डावर होते. बाहेरच्या लाइन आठ, आतली एक्स्टेंशन साठ, आणि त्यांच्या मधोमध हेडसेट लावून दोऱ्या खोचणारी मी. मद्रासला ट्रंक कॉल (एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरने जोडून द्यायचा परगावचा कॉल) हवा असला की १८० फिरवून तो नोंदवायचा, साधा, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचे. आणि साहेब जेवायला उठले की नेमका तेव्हाच तो लागायचा. तीन मिनिटे झाली की ट्रंकची बाई मध्येच विचारी, 'वाढवायचा का?' कोणाचे बिल थकले आहे आणि कोणाचा फोन आला तर 'साहेब बाहेर गेलेत' म्हणायचे, हे मला वेगळे सांगावे लागत नसे. पुढे ईपीएबीएक्स (कचेरीतले कॉल आपोआप जोडणारे यंत्र) आला, बोर्ड भंगारात गेला आणि माझ्या टेबलावर 'स्वागतकक्ष' अशी पाटी आली.

कांद्याचे व्यापारी, लासलगाव

आमच्याकडे फोन म्हणजे भाव. रात्री परगावच्या कॉलचा दर एक-चतुर्थांश होईपर्यंत वडील एसटीडी बूथच्या बाकावर बसून राहत. मीटरचे लाल आकडे पळू लागले की बोलणे आपोआप आटोपशीर होई : 'काय निघाला? गाडी भरू का?' आता लिलाव चालू असतानाच ट्रॉलीचा फोटो आणि काट्याची पावती व्हॉट्सअॅपवरून पाटण्यापर्यंत पोहोचते. दोन बाजारांतल्या फरकावर आमचे जे सुटत असे, ते त्यामुळे पुष्कळ आटले. शेतकऱ्यालाही तोच भाव त्याच मिनिटाला कळतो, आणि ते योग्यच आहे, मला सोयीचे नसले तरी.

फोनयंत्रणा बसवणारा, ठाणे

आमचे काम म्हणजे पूर्वी एमडीएफच्या (सगळ्या लाइन एकत्र येतात त्या) खोक्यात क्रोनच्या (तारा दाबून बसवायच्या) पट्टीवर तांब्याच्या तारांच्या जोड्या ठोकणे; एक टेबल हलवले तरी अर्धा दिवस जाई. एका पीआरआय लाइनवर (एक्स्चेंजकडून येणाऱ्या डिजिटल जोडणीवर) एका वेळी ३० कॉल चालत आणि एकतिसाव्याला व्यस्त असल्याचा सूर ऐकू येई. आयपी फोन आल्यावर आवाजाची वीस-वीस मिलिसेकंदांची पाकिटे होऊन ती संगणकाच्याच केबलमधून धावू लागली. खरा फरक पडला तो पुढे : एक्स्टेंशन भिंतीतल्या जोडीशी बांधलेले राहिले नाही, ते लॉगिनशी बांधले गेले, म्हणून माणूस जिथे जाईल तिथे त्याचा क्रमांक जाऊ लागला.

कायदा मात्र सावकाश चालला. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी फोन लावण्याची मुभा मिळाली, पण देशातल्या साध्या फोनला तसा कॉल लावता येत नसे. त्यामुळे पुणे आणि मुंबईच्या शाखा आपसांत इंटरनेटवर बोलू शकत, मात्र तोच कॉल बाहेरच्या ग्राहकाला जोडून एसटीडीचे पैसे वाचवणे बेकायदा ठरे. 'तार एकच, मग अडते कुठे?' असे गिऱ्हाईक विचारी, आणि उत्तर देता देता माझा चहा गार होई.

तोट्याचेही लिहितो. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज मिळत असल्याने कचेरीत अंधार झाला तरी फोन चाले. आता यूपीएस (वीज गेल्यावरची बॅटरी) बंद पडला की सगळ्या कचेरीची वाचा बसते. दुसरा प्रसंग माझ्याच चुकीचा. एका गिऱ्हाइकाकडे एक्स्टेंशन २०५ चा पासवर्डही २०५ ठेवला होता, 'सोमवारी बदलू' म्हणून. शनिवारी रात्री कोणीतरी बाहेरून तो ओळखला आणि सोमवारी सकाळी कुलूप उघडेपर्यंत कधी न ऐकलेल्या देशांतल्या महागड्या क्रमांकांना एकामागून एक कॉल गेले. निम्मे बिल मी भरले.

मिठाईचे दुकानदार, कोल्हापूर

व्हॉट्सअॅपचे व्यवसायासाठीचे अॅप २०१८ मध्ये आले, पण त्याआधीच आमच्या काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. मला कौतुक वाटले. दोन दिवाळ्यांनंतर तो नोकरी सोडून गेला आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाइकांची यादी, पत्ते, कोणाला साखर कमी लागते तेही गेले. दुकानाची लँडलाइन कोणालाच खिशात घालून नेता आली नसती. आता दुकानाच्या नावाचे सिमकार्ड गल्ल्याजवळच्याच फोनमध्ये असते.

पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, सोलापूर

'रिपोर्ट तयार आहे' हा आमचा एसएमएस ८ मार्च २०२१ रोजी एकाही रुग्णाला पोहोचला नाही. त्या दिवसापासून व्यावसायिक एसएमएस आधी नोंदवलेल्या साच्याशी ताडून पाहिले जाऊ लागले होते, आणि आमच्या साच्यात एक पूर्णविराम जास्त होता. देशभर ओटीपीही अडकल्यामुळे ती तपासणी आठवडाभर स्थगित झाली. तेवढ्या वेळात आम्ही तो पूर्णविराम काढला. दरम्यान वहीतून क्रमांक काढून सर्वांना फोन केले.

निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, नाशिक

ठाण्याच्या बंधूंचे वाचून राहवले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. मागच्या वर्षी भविष्यनिर्वाह निधीच्या एका कागदासाठी कारखान्यात फोन केला. 'विक्रीसाठी एक दाबा' वगैरे ऐकून घेतले, ऑपरेटरसाठी नऊ दाबले, तर घंटा वाजत राहिली. शेवटी सवयीने २१४ दाबले, कारण माझ्या बोर्डावर ते भांडाराचे एक्स्टेंशन होते. एका मुलाने लगेच उचलले. भांडारच होते, पण तो घरून काम करत होता, कराडला. कागद कोणाकडे मिळेल हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ते ग्रुपवर विचारले, आणि दहा मिनिटांत मला तो कागद देणाऱ्या बाईंचा क्रमांक पाठवला.