डॅशकॅम स्वतः हार्डवायर करायचाय, पिवळी वायर कुठे आणि लाल कुठे?

पिंपरीकर_पेट्रोल
नमस्कार मंडळी. डॅशकॅम (पुढच्या काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा) बसवलाय, सध्या सॉकेटमधून चालतो पण ती वायर काचेवरून लोंबत गिअरपाशी येते आणि मोबाइल चार्जिंगला सॉकेट मोकळं राहत नाही. त्यात सोसायटीत कोणीतरी मागच्या दारावर मस्त रेघ ओढून गेलंय, म्हणून आता पार्किंग मोडपण (गाडी बंद उभी असतानाचं रेकॉर्डिंग) पाहिजेच. सॉकेटऐवजी थेट फ्यूज बॉक्समधून सप्लाय घेणारं तीन वायरींचं हार्डवायर किट मागवलंय, पिवळी लाल काळी. ॲक्सेसरीवाला म्हणतो रेडिओच्या मागची वायर सोलून जॉइंट मारून देतो अर्ध्या तासात, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात काही केलंत तर वॉरंटी विसरा. म्हणून स्वतःच करावं म्हणतोय. मल्टीमीटर आहे, थोडंफार कळतं. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी 35 एएच (अँपियर-अवर). सोमवार ते शुक्रवार कंपनीच्या बसने जातो, गाडी शनिवार-रविवारीच निघते. कुठल्या फ्यूजवर काय जोडू?

नाशिकचा_वायरमन
सोलून जॉइंट अजिबात मारू देऊ नका. इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात सुटते, गोंद वितळून चिकट होतं सगळं, आणि वॉरंटीवाल्यांना कापलेली वायर आयती सापडते. फ्यूज टॅप वापरा, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा, गाडीचा आणि कॅमेऱ्याचा असे दोन फ्यूज घेणारा आणि जादा वायर काढून देणारा तुकडा, उद्या काढून टाकला की गाडी जशीच्या तशी.

सहसा पिवळी म्हणजे बॅटरी, कायम चालू असलेल्या फ्यूजवर. लाल म्हणजे एसीसी (ॲक्सेसरी), चावी फिरवली की चालू आणि काढली की बंद अशा फ्यूजवर. काळी अर्थ, बॉडीला. पण रंगावर जाऊ नका, वायरीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचा, कंपनी बदलली की रंगपण बदलतो. पिवळी आणि लालची अदलाबदल झाली तर चावी काढल्यावर कॅमेरा मरणार. दोन्ही कायम फ्यूजवर गेल्या तर त्याला वाटणार गाडी चालूच आहे, रेकॉर्डिंग थांबणारच नाही.

फ्यूज निवडताना एअरबॅग, एबीएस, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), स्टिअरिंग, ब्रेक लाइट यांना हात लावायचा नाही. एसीसीसाठी सॉकेटचा फ्यूज बेस्ट, कायमसाठी आतल्या दिव्याचा किंवा तसलाच बिनमहत्त्वाचा कुठलातरी. फ्यूजचा साइज आधी बघून मगच टॅप घ्या, मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो 2 असे बरेच प्रकार असतात आणि दिसायला सगळे भाऊ भाऊ. टॅपमध्ये जुना फ्यूज होता त्याच अँपियरचा परत लावायचा, कॅमेऱ्याचा 2 किंवा 3 अँपियर बास.

आता जे कोणी सांगत नाही ते. टॅपला उलटं-सुलटं असतं. उलटा लावला तरी कॅमेरा चालतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण मग कॅमेऱ्याचा करंटपण गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो. तर टॅप गाडीबाहेर असतानाच त्यात फक्त कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज घाला, मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवा, एक टोक टॅपच्या वायरीला आणि दुसरं टॅपच्या पायांना आळीपाळीने लावा. जो पाय बीप देतो तो सप्लायच्या बाजूला गेला पाहिजे. सप्लायची बाजू कुठली ते कसं कळणार, तर गाडीचा फ्यूज काढून चावी फिरवायची आणि दोन खाचांपैकी जिथे 12 व्होल्ट येतात ती.

अर्थला रंग लावलेला बोल्ट किंवा प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू चालत नाही, बॉडीच्या पत्र्यात गेलेला बोल्ट शोधा. बॅटरीच्या मायनसला थेट जोडू नका, बऱ्याच गाड्यांत तिथे बॅटरी सेन्सर असतो आणि त्याचा हिशोब चुकतो.

घाटातला_ड्रायव्हर
वायर वर नेताना जपून. तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांच्या वरून पडद्यासारखी उघडणारी) असेल तर पुढच्या पिलरच्या (काचेच्या बाजूचा खांब) कव्हरवर तसं लिहिलेलं असतं. वायर त्याच्यासमोरून गेली तर एअरबॅग उघडताना तीच तोंडावर येईल. एकतर दाराच्या रबर बीडिंगमध्ये खोचून न्या, नाहीतर कव्हर उघडून एअरबॅगच्या मागून नेऊन आतल्या हार्नेसला (गाडीच्या वायरींचा जुडगा) झिप टायने बांधा. आणि उरलेल्या वायरचं भेंडोळं पेडलच्या वर मोकळं सोडू नका हो, क्लचमध्ये अडकलं तर काय होईल सांगायला नको.

सेल_मारत_नाही
सगळे वायरींवर बोलतायत पण यांची गाडी पाच दिवस उभी असते हे कोणी वाचलं का? माझ्या मते तुम्हाला हा पार्किंग मोड झेपणारच नाही.

हिशोब बघा. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण 0.3 अँपियर खातो असं धरा, म्हणजे 24 तासांत 7 एएच. बॅटरी 35 ची, तीही नवी असेल तर. दोन-अडीच दिवसांत निम्मी खलास, गाडीची स्वतःची झोपेतली (बंद उभी असतानाची) खपत वेगळी. रविवारी संध्याकाळी लावलेली गाडी मंगळवार-बुधवारी कटऑफला (ज्या व्होल्टेजला किट कॅमेरा बंद करतं तिथे) पोचणार आणि कॅमेरा बंद. म्हणजे रेघ मारणारा गुरुवारी आला तर तुमच्याकडे काहीच नाही, वर बॅटरी अर्धमेली होऊन शनिवारपर्यंत पडून. स्टार्टरच्या लेड ॲसिड बॅटरीला अशी निम्म्यापर्यंत उतरायची सवय लावली की तिचं आयुष्य भराभर जातं, आणि शनिवारच्या एका बाजारफेरीत ती परत भरत नाही.

कटऑफ बघाच. रात्रभर उभ्या गाडीत 12.6-12.7 व्होल्ट म्हणजे फुल, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 ला पावभर, 11.8 ला जवळपास रिकामी. काही किट 11.6 वर सेट असतात, ते कटऑफ कसले? 12.2 किंवा 12.4 चा पर्याय असेल तर तोच ठेवा. टाइमलॅप्सने (थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो) करंट वाचतो हापण गैरसमज, सेन्सर आणि प्रोसेसर चालूच असतात.

तुमच्या कॅमेऱ्यात धक्का बसला की जागा होणारा मोड आहे का बघा. त्यात तो झोपलेला असतो, खपत अगदी नगण्य. तोटा एवढाच की जागा व्हायला क्षण जातो, आणि किल्लीने हळूच ओढलेल्या रेघेला तो उठेल याची खात्री नाही. दाराची रेघ पकडायला सोसायटीचा सीसीटीव्हीच बरा, खरं सांगतो.

नाशिकचा_वायरमन
पाच दिवसांचं वाचायचं राहिलं माझं, बरोबर आहे यांचं. एक भर घालतो, किट कॅमेऱ्याच्याच कंपनीचं घ्या. टाइप सी प्लग बसला म्हणजे जमलं असं नसतं, एसीसीचा सिग्नल कॅमेऱ्यापर्यंत पोचला नाही तर पार्किंग मोड लागतच नाही आणि माणूस फ्यूज बदलत बसतो.

पिंपरीकर_पेट्रोल
बापरे, भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. धक्क्याचा मोड आहे मेनूमध्ये, तोच ठेवतो, कटऑफ 12.4. आज फ्यूज बॉक्स उघडला. सॉकेटचा निळा 15 चा फ्यूज चावीबरोबर चालू-बंद होतो, तो ठरला. कायमसाठी एक 10 चा लाल बघितला, चावी काढल्यावरपण 12 व्होल्ट दाखवत होता, पण चहा पिऊन आलो तर शून्य! मीटर खराब आहे का?

सेल_मारत_नाही
मीटर ठणठणीत आहे. काही सर्किट चावी काढल्यावर थोडा वेळ चालू राहतात, पॉवर विंडोचं वगैरे, आणि काही गाडी झोपली की बंद होतात. तो फ्यूज सोडा. दारं लावून, लॉक करून, अर्धा तास थांबून परत मोजा. दार उघडं ठेवूनच मोजायचं असेल तर दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा म्हणजे गाडीला दार बंद वाटतं, नंतर हँडल ओढून परत सोडवायला विसरू नका, नाहीतर दार आपटलं की लॅच जाईल.

ठाण्याची_ताई
मध्येच विचारते, इलेक्ट्रिक गाडीत हेच सगळं चालतं का? आमच्याकडे आत्ताच घेतलीय आणि मोठी बॅटरी आहे म्हटल्यावर पार्किंग मोडचं टेन्शन नाही असं नवरा म्हणतोय.

नाशिकचा_वायरमन
ताई, कॅमेरा मोठ्या बॅटरीवर चालत नाही, त्यातपण वेगळी छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते आणि फ्यूज बॉक्स तिच्यावरच. ती उतरली तर मोठी फुल असूनही गाडी सुरू होत नाही. काही गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटी आपोआप भरून घेतात, तुमची घेते का ते मॅन्युअलमध्ये बघा. बाकी टॅप, अर्थ सगळं तसंच. फक्त नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे, ती हाय व्होल्टेजची.